सरूआत्यानं घासलेला गिअर बॉक्स

आमच्या घरात अजूनही गिअर बॉक्सला भांडं म्हणतात. माझा जावई पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या गाडीतून कसलासा घरघर आवाज येत होता. माझी माय ओसरीवर बसली होती, ती म्हणाली, "जावईबापू, भांडं तपासून घ्या एकडाव." जावई शहरातला, माणूस सज्जन. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी हसू दाबलं, आणि मग त्याला बसवून ही सगळी हकिकत सांगावी लागली. तेव्हापासून मुली मागे लागल्या आहेत की लिहून ठेव. आता गुडघे बसूही देत नाहीत आणि उठूही देत नाहीत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझ्या लहानपणी माझे वडील, आमचे बाबूजी, घरी राहत नसत, ते येत असत. दुसऱ्यांचे ट्रक चालवायचे. रायपूर, नागपूर, आणि त्याच्याही पुढे कुठं कुठं, ज्या गावांची नावं माय चुकीची उच्चारायची. ते आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. माय हळूच मला म्हणायची, "जाय वं, बाबूजीच्या जवळ बस." मी बसायची, पण हातभर अंतर ठेवून. त्यांच्या अंगाला डिझेलचा वास असायचा, आणि ते माझ्याशी फार अदबीनं बोलायचे, कोणत्या वर्गात आहेस वगैरे. मग एक दिवस त्यांनी स्वतःचा जुना ट्रक घेतला. कसा घेतला, त्यात कोणाकोणाचं काय काय गेलं, ते इथं सांगत बसत नाही. सांगायचं ते एवढंच की त्यानंतर बाबूजी रोज घरी यायला लागले. सकाळी बैहरकडून बांबू आणायचे, हंगामात गावोगावचं धान वारासिवनीच्या मिलवर पोचवायचे, आणि दिवस मावळायच्या सुमाराला अंगणात ट्रक लावून हातपाय धुवायचे. आमचं गाव बालाघाटहून बैहरकडे निघालं की घाट लागायच्या आधीचं. तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांची भाजी, असं साधंच जेवण असायचं. पण बाबूजी माझ्या ताटातली मिरची उचलून खायचे आणि मी ओरडायची. ज्या माणसाजवळ हातभर अंतर ठेवून बसावं लागायचं त्याच्यावर ओरडता येणं ही काय चैन असते, ते ज्यांचे वडील कायम घरी असतात त्यांना कळायचं नाही.

ट्रक जुना होता. त्याचा तिसरा गिअर आपोआप निसटायचा, म्हणून बाबूजी घाटात एका हातानं दांडा धरून ठेवायचे. आदल्या वर्षी त्यांनी बालाघाटला एका बेअरिंगचं काम करून घेतलं होतं, पण वर्ष संपायच्या आत पुन्हा तेच. मग दिवाळी झाली, धानाची कापणी सुरू झाली, आणि नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी ट्रक असा ओरडत आला की गोठ्यातल्या गाईनं दावं ताणलं. बाबूजींनी खाली परात ठेवून गिअर बॉक्सचं तेल सोडलं. काळं तेल, आणि त्यात उन्हात चमचमणारी लोखंडाची भुकटी. मला ती सुंदर वाटली. बाबूजींनी तेलात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "अंदरून झिजून राह्यलं."

गोंदियाला ट्रक दुरुस्तीची मोठी दुकानं होती. पण हंगाम तोंडावर असला की सगळ्यांचेच ट्रक तिथं रांगेत उभे. नंबर लागेपर्यंत धान मिलवर पोचून गेलेलं असणार, आणि आमचा वर्षाचा घास त्याच दोन महिन्यांवर. इकडं वारासिवनीचे एक मिलवाले सेठ, ज्यांच्याकडे बाबूजी धान टाकायचे, त्यांनी रस्त्यातच गाठून सांगितलं होतं, "अरे छोड़ो ये झंझट. पुरानी गाड़ी मुझे दे दो, और मेरी नई गाड़ी चलाओ. मंडई निपट जाए, फिर बता देना." सेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते भलं करत आहेत. पण त्यांची नवी गाडी दूर दक्षिणेत जायची, गेली की महिना महिना परत यायची नाही. म्हणजे बाबूजी पुन्हा पाहुणे होणार. मायनं हे ऐकलं आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती.

त्यात मंडईचे दिवस. आमच्याकडे दिवाळी झाली की प्रत्येक गावाची मंडई वेगवेगळ्या दिवशी भरते. ज्या गावची मंडई, त्या गावी सगळ्यांचे सोयरे हजर. गोवारी म्हणजे गुराखी नाचतात, दंडारीचा खेळ होतो, पोरी बांगड्या भरतात, जमलं तर त्या गर्दीत एखादं लग्नही ठरतं. आणि आपल्या मंडईला जे जेवून गेले त्यांच्या मंडईला आपण जायचं. तर आमच्या गावची मंडई म्हणून घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि अंगणात मधोमध हा मुका झालेला ट्रक. मग काय विचारता. ज्यांनी जन्मात सायकलीच्या पुढं काही चालवलं नव्हतं तेसुद्धा ट्रकाखाली डोकं घालून मत देऊन जायला लागले. सगळ्यांत पुढं तुमसरचे मावसाजी.

"भाऊ, हे घरी खोलाचं काम नोहे," मावसाजी चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणाले. "आमच्या तिकडं एकानं खोललं होतं. आता त्याच्या ट्रकाच्या टपावर कोंबड्या बसून राह्यल्या."

"खोलणं सोपं हाय जी," बाबूजी म्हणाले. "बंद करणं कठीण. उस्तादच्या हाताखाली म्या दोनतीनदा खोललं हाय. एकट्यानं कधी बंद नाही केलं."

दोन दिवस हेच चाललं. खोलावं की नाही. बाबूजी चहा घेऊन ट्रकाखाली बसायचे, चहा गार व्हायचा, तसेच बाहेर यायचे. त्यांना मी घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. ट्रक चालवणाऱ्या माणसाला ट्रक उघडायची भीती का वाटावी, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. चालवताना चूक झाली तर हात तरी असतात सावरायला, उघडून ठेवलेल्या यंत्रापुढं माणूस फार एकटा असतो. शेवटी प्रश्न मायनं सोडवला. भाकऱ्या थापता थापता, मागं वळूनसुद्धा न पाहता तिनं विचारलं, "इथं खोललं अन् नाही जमलं, तं काय होईन?"

"तं पोत्यात भरून सेठच्या दारात नेऊन ठेवा लागन," बाबूजी म्हणाले.

"अन् नाहीच खोललं तं?"

"तं आख्खं नेऊन ठेवा लागन."

"मंग खोला," माय म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली.

गिअर बॉक्स खाली उतरवायला खूप हात लागतात, आणि मंडईच्या घरात हातांची काय कमी. ज्यांनी दोन दिवस फुकटचे सल्ले दिले होते त्या सगळ्यांना मायनं धोतर खोचायला लावलं. केबिनच्या तळातून दोर खाली सोडला, वर लाकडाची बल्ली आडवी टाकली, खाली कोंड्याची पोती अंथरली. मावसाजी "हळू, हळू" असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते आणि दोराला मात्र बोटानंच शिवत होते. पण उतरला. कोंड्यावर धप्पकन बसला. मग पाहुणे जेवले आणि आपापल्या गावच्या मंडईला पांगले. बाबूजी आणि मी उरलो. मला भाऊ नाही. शाळा संपलेली, लग्न ठरायचं होतं, आणि माझा हात इतका बारीक की जिथं बाबूजींचा हात अडायचा तिथं माझा कोपरापर्यंत जायचा. म्हणून मी. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, निदान आमच्या घरात तरी.

पंगतीच्या पत्रावळी उरल्या होत्या. बाबूजींनी त्या गोठ्यापासून विहिरीपर्यंत एका ओळीत मांडल्या, आणि जसजसा एकेक भाग निघेल तसा एकेका पत्रावळीत ठेवत गेले. जो पहिला निघाला तो गोठ्याजवळ, शेवटचा विहिरीजवळ. बंद करताना विहिरीकडून गोठ्याकडे यायचं, म्हणजे चुकायला नको. सगळं काळंकुट्ट, तेलानं माखलेलं. बेअरिंगच्या गोळ्या झिजून गेल्या होत्या, ते हातानं फिरवलं तर खडखडायचं. चाकांचे दाते मात्र शाबूत होते. बाबूजींचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. "बेअरिंगचंच काम हाय, शालू," ते म्हणाले. "नवे टाकू, अन् बंद करू." दुसऱ्या दिवशी सकाळी ते झिजलेलं बेअरिंग रुमालात बांधून, नमुना म्हणून, गोंदियाच्या गाडीनं गेले. जाताना मला आणि मायला बजावून गेले की पत्रावळींना हात लावू नका, कोंबड्या येऊ देऊ नका. आम्ही चहूबाजूंनी खाटा आडव्या टाकल्या, दाराला कडी लावली आणि धान कापायला शेतावर गेलो. कोंबड्यांचा पूर्ण बंदोबस्त झाला होता.

सरूआत्याचा झाला नव्हता. सरूआत्या म्हणजे बाबूजींची मोठी बहीण, लामत्याला दिलेली. मंडईला येते म्हणाली होती, पण तिची गाय व्यायली म्हणून अडकली, आणि मंडई उलटल्यावर सकाळच्या छोट्या गाडीनं आली. तेव्हा ती अरुंद रुळांवरची छोटी रेल्वे होती, आता मोठी झाली. सरूआत्याचं एक होतं, तिला घाण पाहवत नसे. कुठंही गेली की पहिल्यांदा पदर खोचायची. लोकांकडे लग्नाला जायची आणि मांडवामागची भांडी घासून यायची. तिच्या हातचं पितळेचं घंगाळ असं दिसायचं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. तिनं कडी काढली, आत आली, आणि पाहते तर भावाच्या घरी, मंडईच्या दिवसांत, गोठ्यापासून विहिरीपर्यंत घाणेरड्या भांड्यांची पंगत बसलेली.

आम्ही दुपारी शेतावरून आलो तेव्हा ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. दमलेली आणि खूश.

"ये वं शालू, पाह्य!" ती म्हणाली. "काय हो वहिनी, पाव्हण्यारावळ्याच्या घरात असं ठेवतेत का? कोणी पाह्यलं असतं तं काय म्हटलं असतं? सकाळपासून घासून राह्यली. तीन टोपले राख लागली बाप्पा!"

खाटेवर सगळा गिअर बॉक्स लखलखत होता. मोठी चाकं एकीकडे, मग मधली, मग लहान, मग कड्या, मग खिळे. जशी फळीवर भांडी लावतात तशी, मापानं. पत्रावळी गोळा करून उकिरड्यावर गेल्या होत्या. आणि कोंड्याच्या पोत्यावर ते मोठं लोखंडी खोकं, ज्यात हे सगळं बसायचं, तेही तिनं घासून, पुसून, गंज धरू नये म्हणून लोखंडी कढईला चोळतात तशी कोरडी राख चोळून उन्हात ठेवलं होतं. मायनं हातातला विळा खाली ठेवला आणि तिथंच पायरीवर बसली. मी काही बोलायच्या आधी सरूआत्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला लागलं. "काहून वं? काय झालं?" मायनं तिला सांगितलं. रागानं नाही, हळूहळू सांगितलं. ओळ कशासाठी होती, आणि राखेचा एक कण जरी आत राहिला तर नवं बेअरिंगही कसं घासून जातं. आत्या ऐकत राहिली. मग उठून आत गेली आणि आपली पिशवी भरायला लागली. संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघणार होती. भावाला तोंड दाखवायची तिची हिंमत नव्हती.

बाबूजी त्याच्या आधी आले. हातात नव्या बेअरिंगांचं पुडकं होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि थांबले. त्यांचा राग मला माहीत होता, एकदा त्यांनी चालता ट्रक थांबवून एका माणसाला शेतातून पळवत नेलं होतं. मी पटकन पुढं झाले, ओढणीनं खोक्यावरची राख पुसायला गेले, म्हणजे निदान तेवढं तरी निस्तरलेलं दिसावं. बाबूजींनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको."

ते उकिडवे बसले. राखेनं पांढुरक्या झालेल्या त्या खोक्यावर, बेअरिंग बसतं त्या भोकापासून खाली, एक काळी ओली रेघ उमटली होती. केसाएवढी. बाबूजींनी ती बोटानं पुसली, चुलीतून चिमूटभर कोरडी राख आणायला लावली, पुन्हा चोळली. मग मायला म्हणाले चहा ठेव. आम्ही चहा पीत त्या खोक्याकडे पाहत बसलो. ऊन चांगलं तापलं होतं. चहा संपायच्या सुमाराला तीच रेघ, तिथंच, पुन्हा हळूहळू वर आली. लोखंड तडकलेलं होतं. वर्षानुवर्षांचं तेल त्या फटीत शिरून बसलं होतं आणि उन्हानं तापून राखेत उतरत होतं. काळ्या तेलाच्या थराखाली ती फट कोणाच्या बापाला दिसली नसती.

बाबूजी आत गेले आणि बहिणीला हाताला धरून बाहेर घेऊन आले. तिच्या दुसऱ्या हातात पिशवी तशीच.

"बाई, हे पाह्य," ते म्हणाले. "तू हे घासलं नसतं तं मी नवे बेअरिंग टाकून बंद करून टाकलो असतो. मागच्या वर्षी बेअरिंग काहून गेलं, तेच समजत नव्हतं. हे फाटून राह्यलं होतं अंदरून, म्हणून बेअरिंग ढिलं होत होतं."

"तू माह्यं मन राखाले बोलून राह्यला."

"नाही बाई. तुले मी कधी खोटं बोललो?"

"लहानपणी लय डाव," आत्या म्हणाली, आणि रडायला लागली. पण पिशवी तिनं खाली ठेवली.

मला वाटलं संकट टळलं. खरं तर ते तेव्हाच नीट समोर आलं होतं. गावातला वेल्डिंगवाला येऊन खोकं पाहून गेला. त्याचं म्हणणं सोपं होतं. "टाँका मार देते हैं, भाऊ. दो-चार साल कुछ नहीं होगा." सगळ्यांचे चेहरे उजळले, माझा तर सगळ्यांत जास्त. टाका मारायचा, बेअरिंग टाकायचे, जमेल तसं बंद करायचं, आणि सेठला नाही म्हणून कळवायचं. बाबूजी मात्र खोक्यावर हात फिरवत बसले. ओतीव लोखंडाला टाका धरत नाही, धरला तरी आज ना उद्या उकलतो, एवढं त्यांना माहीत होतं. वेल्डिंगवाला गेल्यावर ते म्हणाले, "नाही."

"मारून घ्या नं बाबूजी," मी म्हणाले. "सारे लोक मारतेत. नाही तं तुमी पुन्हा चालले जासाल." मी हे सगळ्यांसमोर बोलले. मोठी झाल्यावर मुली वडिलांशी असं बोलत नाहीत आमच्याकडे, पण मी बोलले.

बाबूजींनी मला जवळ बसवलं. "शालू, मंडईच्या दिवसांत ट्रकाच्या मागच्या हौद्यात कोण असते? गावातल्या बाया, लेकरं. घाट उतरताना ते मागं गाणे म्हणतेत. मले पुढं आयकू येते. आता सांग, मी ते गाणे आयकू का टाक्याचा आवाज आयकू?" मग उठून त्यांनी हात झटकले. "उद्या वारासिवनीले जातो," ते म्हणाले. "सेठले सांगतो, गाडी घेऊन जा."

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ मोठी आहे. आयुष्यात बऱ्याच लोकांनी मला बरंच काही दिलं, पण त्या दिवशी जे मिळालं त्याच्या बरोबरीचं थोडंच. उघडायची हिंमत पुष्कळांना असते. उघडून झाल्यावर, घरचे सगळे तोंडाकडे पाहत असताना, आपलंच नुकसान करून नाही म्हणणारा माणूस मी जवळून पाहिला आणि तो माझा बाप होता. त्यासाठी मी देवाचे नाही, त्यांचेच उपकार मानते. तेव्हा मात्र मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, हेही खरं.

त्या रात्री जेवायला बसलो. सरूआत्या भात कालवत होती आणि खात नव्हती. मध्येच ती बाबूजींना म्हणाली, "गजू, एक विचारू? हे भांडं एका ट्रकाचं दुसऱ्या ट्रकाले बसते का?"

"एकाच कंपनीचा असन तं बसते. काहून?"

"नाही, आमच्या घरामागं रामाजीच्या वाडीत एक ट्रक हाय. असाच हाय दिसाले, नाकाडा. दोडक्याचा वेल हाय त्याच्यावर."

बाबूजींचा हात ताटातच राहिला. "किती वर्साचा हाय?"

"वेल? अवंदाचाच."

माय पहिल्यांदा हसली, मग मी, आणि मग बाबूजी असे हसले की त्यांना ठसका लागला. आत्याला कळेना काय झालं. तिच्या लेखी तो वर्षानुवर्षं दोडक्याचा मांडव होता, त्याच्यात आपल्या भावाच्या उपयोगाचं काही असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. गिअर बॉक्स हे एक भांडं आहे आणि भांडं दुसरीकडे वापरता येतं, हे तिला त्या दिवशीच्या घासण्यातून सुचलं.

सकाळी बाबूजी वारासिवनीला न जाता आत्याबरोबर लामत्याला गेले आणि मलाही नेलं. वाडीत खरंच ट्रक होता, आमच्यापेक्षाही जुना, पण तोच साचा. रामाजी म्हातारा माणूस, आत्याला बहीण मानणारा. तो म्हणाला, "भांडं न्या नं जी, मी काय करू त्याचं? पण वेल नका तोडू, दोडके लागून राह्यले." मग आम्ही दोडके तोंडावर लोंबत असताना त्या ट्रकाखाली काम केलं. बॉक्स उतरला तशी बाबूजींनी हाक मारली, "बाई, राख आन!" बाबूजींनी तो रिकामा करून दिल्यावर आत्यानं घासला, कोरडी राख चोळली, उन्हात ठेवला, आणि आम्ही सगळे रामाजीसकट त्याच्याभोवती बसलो. आत्या तर डोळे मिटून बसली होती. रेघ उमटली नाही. बाबूजींनी तासभर आणखी वाट पाहिली. नाहीच उमटली.

ओळ हरवल्याचं दुखणंही तिथंच बरं झालं. तो बॉक्स उघडताना जो भाग निघेल तो मी सुतळीत ओवत गेले, एकापुढं एक, माळेसारखा. बॉक्स आणि माळ एका ओळखीच्या ट्रकात घालून घरी आणल्यावर आमच्या घरचे भाग डिझेलनं पुन्हापुन्हा धुवून, राखेचा कण न् कण काढून, त्या माळेशी ताडून पाहिले. जे चांगले ते घेतले. बंद करायची वेळ आली तेव्हा बाबूजी म्हणाले, "तू सांगत जाय, मी बसवत जातो." एकदा मी चुकीचं सांगितलं, त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी सुतळी पुन्हा पाहिली आणि दुरुस्त केलं. झाकण बसलं. या खेपेला पाहुणे नव्हते, पण गावातली माणसं होती, त्यांनी दोर ओढले. बाबूजींनी ट्रक सुरू केला, पहिला, दुसरा आणि मग तिसरा गिअर टाकला, आणि दांड्यावरचा हात उचलून दोन्ही हात आम्हाला दाखवले.

दुसऱ्या दिवशी धानाची पोती भरून वारासिवनीला निघाले. मी हट्टानं केबिनमध्ये बसले. मिलच्या फाटकात सेठ उभेच होते. त्यांनी विचारलं, "क्या भाऊ, क्या तय किया फिर?"

"तय क्या करना, सेठजी," बाबूजी म्हणाले. "धान लाया हूँ. कहाँ खाली करूँ?"

सेठनी ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून शेडकडे हात केला.

परतताना रिकामा ट्रक हलका चालत होता. दोन्ही बाजूंना कापलेलं धान पसरलेलं होतं. मी बराच वेळ धीर गोळा करत होते. मग विचारलं, "बाबूजी, आता तुमी कुठं जाणार नाही नं?"

"जाईन नं," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "उद्या बैहरले जाईन. संध्याकाळी येईन."

आणि ते आले.